पदकानंतरची बत्तीस वर्षं

खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना येते, पण अर्धीच. कराडजवळचं गोळेश्वर, शेतकऱ्याचं घर, पैलवान वडील, लाल मातीत घडलेला पोरगा, त्याच्यासाठी राहतं घर गहाण टाकणारे प्राचार्य, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीतलं कांस्यपदक आणि मग १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. गाड्या वेशीत शिरल्या की गोष्ट संपते. शाळेतलं भाषण तिथेच थांबतं. वर्तमानपत्रातला लेख तिथून एकदम 'पण पुढे या वीराची उपेक्षाच झाली' या वाक्यावर उडी मारतो आणि लगेच १९८४ चा रस्ता-अपघात येतो. मधली बत्तीस वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

त्या बत्तीस वर्षांत हा माणूस नोकरीला जात होता, संसार सांभाळत होता, वरिष्ठांना सलाम ठोकत होता, बढतीची वाट बघत होता. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडत होता. घरच्यांच्या आठवणीतले खाशाबा हे बहुतेक याच वर्षांतले असणार. हेलसिंकीचे खाशाबा त्यांनाही आपल्यासारखेच फोटोत भेटले. आपण मात्र २३ जुलै १९५२ या एका दिवसाला हार घालतो आणि बाकीचा माणूस कुटुंबाच्या हवाली करून मोकळे होतो. माझं भांडण या वाटणीशी आहे. माजी खेळाडूचं पदकानंतरचं आयुष्य ही त्याची घरगुती बाब आहे आणि त्याची आठवण जपणं ही त्याच्या मुलाबाळांची जबाबदारी आहे, असं आपण न बोलता ठरवून टाकलं आहे. ते बदलायला हवं.

आधी पदकाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यातच दडलेलं आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तोवर सगळी कुस्ती मातीतली. आखाड्याच्या हौदातल्या मातीत पाय रुततो, घाम मुरतो, डाव धरायला वेळ मिळतो. गादीवर, म्हणजे मॅटवर, यातलं काही चालत नाही. तिथे पाय सरकतो, गुण मोजले जातात आणि नियम परक्या भाषेत सांगितले जातात. तरीही फ्लायवेट वजनगटात ते सहावे आले. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाकडून थोडंफार शिकायला मिळालं आणि परत आल्यावर त्यांनी चार वर्षं मेहनत वाढवली. १९५२ साली पुन्हा पैशांचाच प्रश्न. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. सरकारी मदतीसाठी खेटे झाले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ती ते हरले. पुढे सुवर्ण त्या इशीलाच मिळालं. त्या झटापटीनंतर दम खायलाही सवड न देता त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं, असं सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर आपटून सांगायला भारताचा एकही अधिकारी गादीजवळ नव्हता. कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडावं लागलं, अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेसच्या रूपाने.

या सगळ्या हकिकतीत मदत करणारी माणसंच दिसतात. राजा, प्राचार्य, गावकरी. जिथे व्यवस्थेने उभं राहायला हवं होतं, तिथे जागा रिकामी. 'तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, पैसा कुठे होता?' असा बचाव नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच खोटा नाही. पण गादीजवळ उभं राहून हात वर करायला परकीय चलन लागत नव्हतं.

आता मिरवणुकीनंतरचं. कराड स्टेशनपासूनच्या एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असं घरचे सांगत आले आहेत. सत्कार झाले, फेटे बांधले गेले. आणि मग खाशाबांनी जे केलं ते मला पदकाहूनही मोठं वाटतं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिंपिक पदक विजेता पुन्हा मातीत उतरतो, का, तर आपल्यासाठी कुणाचं घर अडकलंय म्हणून. गावाकडच्या सरळ हिशोबाने वागणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या दोन व्यवहारांकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. एका गृहस्थाने प्राचार्यांचं देणं फेडलं. त्या गृहस्थाचं देणं फेडायला राज्याला आणि देशाला किती काळ लागला?

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी नोकरी. सुमारे सत्तावीस वर्षं सेवा करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. खात्यातल्या खेळाडूंना त्यांनी शिकवलं. पोलीस खात्यातली नोकरी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पोलीस आहे त्याला सांगायला नको. सणावाराला बंदोबस्त, पोरांच्या परीक्षेच्या वेळेला नेमकी बदली, सरकारी क्वार्टरमधला संसार, आणि बापाच्या ड्युटीवर ठरणारं घराचं वेळापत्रक. त्यात पैलवानाचं शरीर. ऐन उमेदीत दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक आणि हजार-हजारांनी जोर-बैठका. मेहनत सुटली की तोच खुराक अंगावर येतो. गुडघे बोलायला लागतात, मोडलेले कान दुखतात, साखर वाढते. कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर साठीच्या पुढचे चार पैलवान बसलेले असले तर त्यांच्यातले दोघे तरी गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत असतात. जिंकलेल्या गदेने ते बिल भागत नाही.

अशा काळात समाज आणि सरकार खेळाडूसाठी काय करू शकतात, याचे तीनच मार्ग असतात: पैसा, काम आणि मान. मानापासूनच बघू, कारण तोच सगळ्यात स्वस्त.

पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तीस वर्षं जगले. हॉकीपटू बलबीर सिंग यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली, मिल्खा सिंग यांना १९५९ मध्ये. दोन्ही अगदी योग्य. पण म्हणजे खेळाडूला पद्म द्यायचा नसतो असं काही नव्हतं. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि कुस्तीतला पहिला अर्जुन उदय चंद यांना मिळाला. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षं हयात होते. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० पासूनचा. त्यानंतरही ते चौदा-पंधरा वर्षं होते. यातला कुठलाही पुरस्कार त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेतलं, एवढंच.

हे कुणी मुद्दाम, डूख धरून केलं असं मला वाटत नाही. कदाचित तसं असतं तर बरं होतं. निदान भांडायला कुणी समोर तरी सापडलं असतं. झालं ते असं की पुरस्कारांचे नियम चालू खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून बनले. गेल्या काही वर्षांतली कामगिरी मोजायची, तिला गुण द्यायचे. ज्याचं कर्तृत्व पुरस्कार जन्माला येण्याआधीच घडून गेलं, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. जीवनगौरव म्हणावा असा ध्यानचंद पुरस्कार यायला २००२ साल उजाडलं. निवृत्त गुणवंत खेळाडूंसाठी केंद्राची पेन्शन योजना १९९४ ची. खाशाबा जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. दरवर्षी कुठल्या तरी कार्यालयात यादी बनत होती, दरवर्षी ती नियमानुसार बिनचूक होती आणि दरवर्षी स्वतंत्र भारताचा एकमेव वैयक्तिक ऑलिंपिक पदक विजेता तिच्या बाहेर राहत होता. फायलीवर सही करणाऱ्या कुणालाच यात काही चुकल्यासारखं वाटलं नसेल.

मेल्यानंतर मात्र रांग लागली. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार, २००० सालचा अर्जुन, २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला नाव, २०२३ च्या जानेवारीत गूगलचं डूडल. त्याच वर्षी राज्य सरकारने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. आता दर जानेवारीला शाळाशाळांत त्यांचा फोटो खुर्चीवर ठेवला जातो, हार-उदबत्ती होते, पाचवी-सहावीतली एखादी मुलगी पाठ केलेली दहा वाक्यं एका दमात म्हणते आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' म्हणून बसते. छान आहे. मी याला नावं ठेवत नाही; त्या निमित्ताने निदान नाव तरी पोरांच्या कानावर पडतं. पण यातल्या प्रत्येक सन्मानाला लागलेला खर्च काढा. पाटी रंगवायचा खर्च, परिपत्रकाचा कागद, फार तर एक मानपत्र आणि शाल. मेलेल्या खेळाडूला औषधं लागत नाहीत, त्याला बढती द्यावी लागत नाही, तो व्यासपीठावर उभा राहून अडचणीचं बोलत नाही. मरणोत्तर सन्मान सरकारांना का आवडतात, याचं उत्तर यातच आहे.

मग पद्म पुरस्काराच्या मागणीचं काय? जाधव कुटुंब आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षं ती लावून धरत आले आहेत. निधनाला चार दशकं उलटली तरी ती पुरी झाली नव्हती. सरकारी उत्तर ठरलेलं: पद्म सहसा मरणोत्तर दिला जात नाही, अपवाद केलाच तर अगदी अलीकडे निधन झालेल्यांचा. नियम म्हणून मला हे पटतं. नाहीतर इतिहासातल्या हजारो थोरांच्या नावाने मागण्या येतील आणि प्रत्येक जात, प्रत्येक जिल्हा आपापला माणूस घेऊन उभा राहील. पण मग सगळ्यांनाच तो लावा. बिहारचे माजी मुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर १९८८ साली गेले, त्यांना २०२४ मध्ये भारतरत्न मिळालं. भारतरत्न आणि पद्म यांचे निकष वेगळे आहेत, मान्य. तरीही एवढं तर दिसतंच की मनात आणलं तर हा देश छत्तीस वर्षं मागे जाऊन सन्मान करू शकतो. खाशाबांच्या बाबतीत तर आपण उपकार करत नसून जुनी चूक दुरुस्त करतो आहोत, असं सरळ म्हणून पद्म द्यावा आणि विषय मिटवावा.

मात्र मला खरी चिंता पद्मची नाही. पद्मच्या वादात एक मोठी गोष्ट झाकली जाते. हा लढा कोण लढतंय? त्यांचे चिरंजीव. बापाच्या नावाने अर्ज करायचे, मंत्रालयात खेटे घालायचे, दर जयंतीला पत्रकारांना तीच हकिकत नव्याने सांगायची, कात्रणं जपायची, पदक सांभाळायचं. २००९ मध्ये राज्याच्या क्रीडामंत्र्यांनी खाशाबांच्या नावाने गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारायची घोषणा केली. २०१३ मध्ये त्यासाठी १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाल्याच्या बातम्या आल्या. २०१७ पर्यंत काम काही उभं राहिलं नाही, तेव्हा त्या मुलाने जाहीर केलं की आता वडिलांचं पदक विकायला काढतो आणि त्या पैशातून अकादमी बांधतो. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. लोक हळहळले, काहींनी तर मुलालाच बोल लावले: बापाचं पदक कुणी विकतं का? हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा आपण त्याला त्याग म्हणतो. पासष्ट वर्षांनी तीच पाळी पैलवानाच्या मुलावर येते तेव्हा त्याला हाव म्हणायचं?

माजी खेळाडूच्या घरात काय चालतं याची कल्पना यायला एवढी एक गोष्ट पुरे. कुटुंब हेच त्याचं संग्रहालय, कुटुंब हेच त्याचं जनसंपर्क कार्यालय आणि कुटुंब हाच त्याचा वकील. मुलाने आपल्या वडिलांना वडील म्हणून आठवावं: रागावले कधी, लाड केले कसे, रविवारी काय करायचे. त्याऐवजी त्याचं अर्धं आयुष्य वडिलांना पुरावा म्हणून मांडण्यात जातं. आणि ज्याच्या घरी असं चिकाटीचं कुणी नाही त्याचं काय? त्याचं नाव आपल्याला माहीतच नसतं, म्हणून त्याची 'उपेक्षा' झाली असं म्हणायलाही कुणी उरत नाही. खाशाबांबरोबर हेलसिंकीला कोल्हापूरचे केशव माणगावेही गेले होते. सांगा बरं, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं कुणाला सांगता येतात?

उपेक्षित नायकाची गोष्ट हा तर आता आपल्याकडे एक लोकप्रिय प्रकारच झाला आहे. चहा विकणारा राष्ट्रीय धावपटू, मजुरी करणारी कबड्डीपटू, रिक्षा चालवणारा मुष्टियोद्धा. फोटो फिरतो, आपण डोळे पुसतो, 'क्रिकेटवाल्यांना कोट्यवधी आणि यांना काही नाही' असं म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. या गोष्टींत नेहमी एक हिरो असतो आणि खलनायक कुणीच नसतो. कुठला नियम आडवा आला, कुठली फाईल कुठे अडली, किती महिने, हे कुणी विचारत नाही. खाशाबांच्या पेन्शनच्या भांडणाबद्दल इतकी वर्षं लिहिलं जातंय, पण नेमकं कुठलं कलम नडलं, याचा माग काढलेला मजकूर सहज हाताशी लागत नाही. रडायला तो लागत नाही, सुधारणेला लागतो.

काही बदललंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही, आणि ते म्हणू नये. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण बघा. पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात जखमी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन जीवनगौरव जाहीर झाला जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्यावरचा सिनेमा येऊन गेल्यावर. पद्मश्री सेहेचाळीस वर्षांनी का होईना मिळाली, आणि माणूस स्वतः उठून पुरस्कार घ्यायला गेला. (सिनेमा यायच्या आधी किती मराठी घरांत त्यांचं नाव माहीत होतं, हा प्रश्न मी सोडून देतो.) आणि २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं, महाराष्ट्राच्या खेळाडूचं बहात्तर वर्षांनी आलेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तेव्हा राज्य सरकारने लगोलग १ कोटी जाहीर केले आणि रेल्वेने तिकीट तपासनिसाच्या पदावरून त्याला अधिकारी केलं. बक्षीस पुरेसं की अपुरं, यावरही वाद झाला. तो वाद मला आवडला. बक्षिसाच्या रकमेवर भांडता येतंय, म्हणजे निदान ती मिळणार हे गृहीत आहे. खाशाबांच्या काळात तेही नव्हतं. ऑलिंपिक पदक विजेत्याला आता निवृत्तीनंतर केंद्राकडून दरमहा २० हजारांची पेन्शनही मिळते.

पण हे सगळं पदक विजेत्यांचं झालं आणि पदक विजेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्रीडा संस्कृती ज्यांच्या जिवावर उभी असते ते असतात चौथे, सातवे आलेले, राष्ट्रीय स्पर्धेत एकदा राज्याकडून खेळलेले, जत्रेतल्या मैदानात शेवटच्या जोडीला लढलेले. पुढे ते कुठेतरी शिपाई, कंडक्टर, साखर कारखान्यात कामगार होतात आणि संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतात. खाशाबांना ढाक हा डाव शिकवणारा, गादीची सवय लावणारा असा कुणीतरी होताच. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या तालमीत जा. हौदाच्या वरच्या भिंतीवर ओळीने फोटो लावलेले असतात: लंगोटावर, मांड्यांवर हात ठेवून, मान ताठ. काचेआड वाळवी शिरलेली, कडेने तेलकट डाग. बऱ्याच फोटोंखाली नावच नसतं. वस्ताद काठीने दाखवत सांगतात: हा अमक्याचा पोरगा, याने तमक्याला चितपट केला होता, हा पुढे मिलमध्ये लागला, संपात गेला. वस्ताद पंच्याहत्तरीचे असतात. त्यांच्या पाठीमागे ही भिंत मुकी होणार, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. आपल्याकडे विद्यापीठं आहेत, मराठी विभाग आहेत, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर असलेला फोन आहे. तरी या माणसांच्या मुलाखती कुणी पद्धतशीर घेत नाही. क्रीडा दिनाच्या एका कार्यक्रमाच्या मांडवाच्या खर्चात एका तालुक्याचं काम उरकेल.

'हे सगळं सरकारनेच का करायचं? गाव, तालमी, कारखाने यांनी करावं की!' असं म्हणणारे भेटतात. करावंच. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याने कुस्ती जगवली ती लोकाश्रयावरच. शाहू महाराजांचा वारसा कोल्हापूर अजून सांगतं. पण लोकाश्रय लहरी असतो. तो उमद्या तरण्या मल्लाला खांद्यावर घेतो. गुडघे गेलेल्या साठीच्या माणसाला कोण खांद्यावर घेणार? तिथे हक्काची व्यवस्था लागते, आणि हक्क म्हणजे अर्ज न करता मिळणारी गोष्ट. आजच्या योजनांची मोठी खोट हीच की खेळाडूने स्वतः सिद्ध करायचं, स्वतः प्रमाणपत्रं जोडायची, स्वतः दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा आणि मंजुरीची वाट बघायची. ज्याने कधी काळी देशाचा गणवेश घातला, त्याचं नाव संघटनेच्या आणि सरकारच्या दप्तरात आधीच असायला हवं. ते शोधायची जबाबदारी त्यांची.

१५ जानेवारी २०२६ ही खाशाबांच्या जन्माची शताब्दी. शताब्दीचं पुतळा-मिरवणूक-पोस्टाचं तिकीट हे सगळं व्हायचं ते होईल. त्याबरोबर प्रत्येक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला एक काम द्यावं: जिल्ह्यातल्या साठीपुढच्या राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंची यादी करा, घरोघर जाऊन. कोण हयात आहे, तब्येत कशी आहे, आरोग्य विमा आहे का, कोण शिकवू शकतं, कुणाकडे जुने फोटो आणि कागद आहेत. ही यादी जाहीर करा, म्हणजे चुकलेलं नाव लोकच दाखवून देतील.

आणि यादी करताना बायकांकडे वेगळं लक्ष द्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात खो-खो, कबड्डी गाजवलेल्या मुलींची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने आहेत. आधार कार्ड, बँकेचं पासबुक सासरच्या नावाने. नावात बदल झाल्याचं राजपत्र काढायला त्या काळी कोण गेलं होतं? लग्नानंतर कित्येकींनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली ती प्रमाणपत्रं पुन्हा उघडलीच नाहीत, कित्येक घरांत सुनेला कळलंही नाही की सासूबाई कधी काळी राज्याकडून खेळल्या आहेत. त्यांच्यासाठी पद्मची मागणी करायला कुणी येणार नाही. खिडकीवरच्या कारकुनाने नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत करू नये, एवढा एक शासन निर्णय काढायला कुठल्या शताब्दीची वाट बघायचीही गरज नाही.